भाड्यातला घराचा वाटा

१ सप्टेंबर १९४० रोजी मुंबईतल्या एखाद्या खोलीचे जे भाडे होते, तेच १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ‘प्रमाणित भाडे’ ठरवले आणि पुढची अनेक दशके ते जवळजवळ तिथेच थांबले. सिमेंट, सळई, लाकूड, गवंड्याची मजुरी वाढत राहिली. गिरगाव-काळबादेवीपासून लालबागपर्यंतच्या चाळींचे भाडे मात्र जिन्याची एक पायरी बदलायलाही पुरेनासे झाले. मालकांनी डागडुजी सोडून दिली, सज्जे निखळू लागले, भिंतींत पाणी मुरू लागले. अखेर १९६९ मध्ये सरकारला इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. दुरुस्तीसाठी वेगळा उपकर बसवला गेला आणि शहर बेटावरच्या १९ हजारांहून अधिक इमारती ‘उपकरप्राप्त’ म्हणून नोंदल्या गेल्या. गोठलेल्या भाड्याच्या या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितले. त्यानंतर आलेल्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या भाड्यांना वर्षाला ४ टक्के वाढ दिली. ही कहाणी आपण मालक-भाडेकरूंच्या भांडणाची म्हणून ऐकतो. भाड्याने देण्यासाठी घर घेणाऱ्याने मात्र तिच्यातला दुसरा धडा घ्यायला हवा. घराला आपल्या देखभालीचे पैसे आपल्याच भाड्यातून मिळाले नाहीत, तर ते मालकालाही घेऊन बुडते. चाळींच्या बाबतीत हे पैसे कायद्याने तोडले. आजच्या फ्लॅटच्या बाबतीत बरेचदा मालक स्वतःच ते तोडतो, कारण खात्यात जमा झालेले सगळे भाडे तो आपले उत्पन्न समजतो.

या प्रकरणाचे म्हणणे एवढेच आहे की, महिन्याच्या पाच तारखेला येणारे भाडे ही घराची उलाढाल आहे, मालकाची मिळकत नव्हे. दुकानदार दिवसभराच्या गल्ल्याला नफा म्हणत नाही. माल, जागा, नोकर, वीज यांचे पैसे वजा केल्यावर जे राहते, तोच त्याचा नफा असतो. घराबाबत मात्र भलेभले हिशेबी लोक वर्षाच्या भाड्याला घराच्या किमतीने भागतात आणि जो टक्का येतो त्यालाच परतावा म्हणतात. भारतातल्या मोठ्या शहरांत हा टक्का साधारण दोन ते चारच्या दरम्यान असतो. तो मुळातच लहान असल्यामुळे त्यातून होणारी प्रत्येक वजावट मोठी ठरते. दहा टक्के परताव्यातून दीड टक्का गेला तर फारसे बिघडत नाही. साडेतीनमधून दीड गेला तर चित्रच बदलते. म्हणून भाड्याच्या घराचा हिशेब सोन्या-शेअरपेक्षा जास्त बारकाईने मांडावा लागतो.

आकडे धरून पाहू. पुण्यात ८० लाख रुपयांचा, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतीतला दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला आणि मेंटेनन्ससकट २४,००० रुपये भाडे मिळाले, असे समजा. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. वाचकाने आपले आकडे घालून हीच मांडणी करावी. वर्षाचे भाडे २ लाख ८८ हजार, म्हणजे ८० लाखांवर ३.६ टक्के. परंतु खिशातून ८० लाखच गेले का? पुणे शहरात मुद्रांक शुल्क ७ टक्के आहे, म्हणजे ५ लाख ६० हजार. खरेदी केवळ महिलेच्या नावे असेल तर त्यात एक टक्का सूट मिळते. नोंदणी शुल्काची कमाल मर्यादा ३० हजार आहे, ती इथे पूर्ण लागते. दलालाचा एक टक्का धरला तर ८० हजार. पंखे, दिवे, गिझर, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या, खिडक्यांच्या जाळ्या, कपाटे यांना ३ लाख ३० हजार. बेरीज ९० लाखांवर जाते. बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेतला असता, तर इनपुट क्रेडिटशिवायचा ५ टक्के जीएसटी आणखी लागला असता आणि ताबा मिळेपर्यंत भाडे शून्य. तात्पर्य, पहिला भाडेकरू येण्याआधीच ३.६ टक्क्यांचे ३.२ झालेले असतात.

आता वर्षाचा खर्च. सोसायटीचा मेंटेनन्स महिना साडेतीन हजारांप्रमाणे ४२ हजार. घर भाड्याने दिले की सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते, ज्याला सगळे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस म्हणतात. १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही आणि हे सेवाशुल्क मोजताना महापालिकेचे कर धरायचे नसतात. मनमानी आकारणी करणाऱ्या सोसायटीला हा आदेश दाखवावा. आपल्या उदाहरणात ही रक्कम ३ हजार धरू. मिळकतकर १८ हजार. इथे पुणेकरांनी एक गोष्ट विसरू नये: स्वतः राहणाऱ्या मालकाला महापालिका ४० टक्के सवलत देते, घर भाड्याने दिले की ती जाते. म्हणून आपण राहत असतानाच्या जुन्या बिलावरून अंदाज बांधला तर तो चुकतो. दर दोन वर्षांनी भाडेकरू बदलतो आणि दरवेळी घर एक महिना रिकामे राहते असे धरले, तर वर्षाला अर्ध्या महिन्याचे भाडे, १२ हजार, बुडाले. नवा भाडेकरू आणून देणाऱ्या एजंटाला एक महिन्याचे भाडे द्यावे लागते. त्याचा वार्षिक वाटाही १२ हजार. करारनाम्याच्या नोंदणीतला आपला हिस्सा २ हजार. दर बदलाला रंग आणि साफसफाई २४ हजार, वर्षाला १२ हजार. नळ, बटणे, कुलपे, चोकअप अशा किरकोळ कामांना ८ हजार. घराचा विमा ३ हजार. शेवटी मोठ्या दुरुस्त्यांसाठी २० हजार: बाथरूमचे वॉटरप्रूफिंग, पाइप बदलणे, गिझर आणि शेगडीवरची चिमणी, दहा-बारा वर्षांनी पुन्हा करावे लागणारे ट्रॉल्यांचे काम. हे सगळे मिळून होतात १ लाख ३२ हजार. २ लाख ८८ हजारांतून उरले १ लाख ५६ हजार. शंभर रुपये भाड्यातले चोपन्न रुपये मालकाचे, बाकीचे घराचे. ९० लाखांवर हा परतावा पावणेदोन टक्के होतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: एवढा खर्च दरवर्षी कुठे होतो? भाडेकरू चार वर्षे टिकला, रंग लावावा लागला नाही, पाइप फुटला नाही, तर हे पैसे वाचलेच ना? वाचत नाहीत, पुढे ढकलले जातात. घराचे खर्च पगारासारखे दरमहा ठरावीक येत नाहीत, ते गठ्ठ्याने येतात. पाच वर्षे काहीच नाही आणि सहाव्या वर्षी खालच्या मजल्यावरचे शेजारी छतातली ओल दाखवायला येतात. त्या वेळी दीड लाखाचे काम निघाले आणि बाजूला काही ठेवलेले नसेल, तर मालक स्वस्तातला मिस्त्री शोधतो, वरवरचा थर लावून घेतो आणि दोन पावसाळ्यांनी तेच काम पुन्हा करतो. सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींना ही गोष्ट कळलेली आहे. बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का सिंकिंग फंडात आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीत जमा करावा, असे ते सांगतात. म्हणजे बाहेरच्या भिंती, गच्ची, लिफ्ट यांच्यासाठी सगळ्या सभासदांनी मिळून जे करायचे, तेच प्रत्येक मालकाने आपल्या चार भिंतींच्या आत करायचे आहे. ज्या सोसायट्या मेंटेनन्स कमी दिसावा म्हणून हा निधी जमा करत नाहीत, त्यांच्या सभासदांवर एके दिवशी लाखाच्या घरातली एकरकमी वर्गणी येते. घर घेण्याआधी सोसायटीचा ताळेबंद मागून या दोन निधींत किती शिल्लक आहे हे पाहणे, हॉलची लांबी-रुंदी मोजण्याइतकेच गरजेचे आहे.

खर्चानंतर कर. घरभाड्याच्या उत्पन्नावर कर मोजताना आधी मालकाने प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. खर्च किती झाला याच्या पावत्या कोणी मागत नाही. पण जास्त झाला तरी जास्त वजावटही मिळत नाही. आपल्या उदाहरणात हातात आलेले भाडे २ लाख ७६ हजार, त्यातून मिळकतकर जाऊन २ लाख ५८ हजार. त्याचे ३० टक्के म्हणजे ७७,४०० रुपये वजावट. पण मिळकतकर सोडून झालेला खरा खर्च १ लाख २ हजार आहे. म्हणजे जे पैसे मालकाकडे राहिलेच नाहीत, त्यातल्या सुमारे २५ हजारांवरही तो कर भरतो. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला उपकरासह या घरावर वर्षाला साधारण ५६ हजार कर पडतो. उरतात सुमारे १ लाख रुपये. ९० लाखांवर १.१ टक्का. कायद्याने धरलेला ३० टक्के खर्च हा मालकासाठी उपयोगी इशाराही आहे. भाड्याच्या तीस टक्क्यांपेक्षा कमी खर्च मनात धरून जो घर घेतो, तो आयकर खात्यापेक्षाही आशावादी आहे.

दुसरा आक्षेप कर्जाचा. ‘हप्ता भाडेकरूच भरतो’ हे वाक्य साइट ऑफिसात हमखास ऐकू येते. ९० लाखांपैकी ६० लाख कर्ज, व्याज साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षे. हप्ता सुमारे ५२ हजार. भाडे २४ हजार दिसते, पण खर्च जाऊन महिन्याला मिळतात १३ हजार. म्हणजे दरमहा ३९ हजार मालकाच्या पगारातून जाणार. भाडेकरू हप्त्याचा जेमतेम चौथा हिस्सा भरतो. पहिल्या वर्षी नुसते व्याजच पाच लाखांच्या वर जाते. पूर्वी या व्याजाचा मोठा आधार करसवलतीत होता. जुन्या करप्रणालीत भाड्याच्या घराचा तोटा वर्षाला २ लाखांपर्यंत पगारातून वजा करता येतो आणि उरलेला आठ वर्षे पुढे नेता येतो. नव्या प्रणालीत व्याज भाड्याच्या उत्पन्नापुरतेच वजा होते. त्यापलीकडचा तोटा पगारातून वजाही होत नाही आणि पुढेही नेता येत नाही. आता नवी प्रणालीच मूळ पर्याय झाली असल्याने ‘कर वाचवायला दुसरे घर’ हा सल्ला बहुतेकांसाठी शिळा झाला आहे. शिवाय हप्ता स्थिर नसतो. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य दराशी, बहुधा रेपो दराशी, जोडलेली आहेत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. ६० लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाचा दर ७ वरून साडेनऊ टक्के झाला, तर हप्ता ४६,५०० वरून जवळपास ५६ हजारांवर जातो. बँक हप्त्याऐवजी मुदत वाढवून देते तेव्हा हे चटकन लक्षात येत नाही, इतकेच. लीव्ह अँड लायसन्सच्या करारात भाडेवाढ मात्र साधारण वर्षाला पाच टक्के ठरते, म्हणजे आपल्या उदाहरणात महिन्याला १,२०० रुपये.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. भाडे हे निमित्त आहे, खरी कमाई घराच्या वाढत्या किमतीत आहे, असे अनुभवी गुंतवणूकदार म्हणतात. हे खरे आहे आणि भारतात घरातून ज्यांनी पैसा केला, त्यांनी बहुतेक असाच केला. पण तोही हिशेब शेवटपर्यंत करू. किंमत दरवर्षी ५ टक्के वाढली तर ८० लाखांचे दहा वर्षांत १ कोटी ३० लाख होतात. विकताना दलाली जाते. जुलै २०२४ नंतर घेतलेल्या घराच्या दीर्घकालीन नफ्यावर इंडेक्सेशनशिवाय साडेबारा टक्के आणि त्यावर उपकर लागतो. हे सगळे जाऊन हातात सुमारे १ कोटी २३ लाख येतात. गुंतवलेल्या ९० लाखांवर ही वाढ वर्षाला साधारण ३.२ टक्के पडते. त्यात वाढत जाणारे निव्वळ भाडे मिळवले तर साडेचार टक्क्यांच्या आसपास. सात टक्के व्याजाच्या मुदत ठेवीतून त्याच मालकाला कर जाऊन पावणेपाच टक्के मिळतात, आणि ठेवीला वॉटरप्रूफिंग लागत नाही. अर्थात किंमत ८ किंवा १० टक्क्यांनी वाढली तर घर ठेवीला मागे टाकते. नव्या मेट्रो मार्गालगत, आयटी पार्कजवळ तशी वाढ झालेलीही आहे. पण त्या वाढीवर मालकाचा ताबा नसतो. शिवाय वाढते ती जमिनीची किंमत. बांधकाम दरवर्षी जुनेच होते. त्यामुळे सोसायटीच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे का, पुनर्विकासात आपला वाटा कागदावर पक्का आहे का, हे प्रश्न भाववाढीच्या गप्पांहून महत्त्वाचे ठरतात. आणि भाववाढीचे फळ चाखायला तोवर घर हातात टिकावे लागते. दरमहा ३९ हजारांची खोट भरून काढता काढता ज्याला चौथ्या वर्षी पडत्या भावात विकावे लागले, त्याला दहाव्या वर्षीची भाववाढ काय कामाची? भाववाढीवर ज्याची भिस्त आहे, त्यानेच रोजच्या पैशांचा हिशेब सर्वांत कडक ठेवायला हवा.

मग मालकाच्या हातात काय आहे? बाजारभाव नाही, रेपो दर नाही, पण बरेच खर्च आहेत. त्यांत सर्वांत मोठा खर्च भाडेकरू बदलण्याचा. एका बदलात एक महिना रिकामे घर, एक महिन्याची दलाली आणि रंगकाम मिळून ७२ हजार जातात. महिन्याला हजार रुपये जास्त देणाऱ्याच्या आशेने वेळेवर भाडे देणाऱ्या कुटुंबाला जाऊ दिले, तर ते ७२ हजार भरून यायला सहा वर्षे लागतात. नळ गळतो म्हणून आलेल्या फोनला त्याच आठवड्यात प्लंबर पाठवणे ही म्हणूनच चांगुलपणाइतकीच हिशेबाची गोष्ट आहे. दुसरा खर्च वाद टाळण्याचा. ‘कशाला नोंदणी, ओळखीचेच आहेत, रोख देतील’ असे म्हणून करार तोंडी ठेवणारे मालक आजही आहेत. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. ही जबाबदारी मालकाची आहे आणि ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. याहून महत्त्वाचे म्हणजे नोंदणीकृत करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. उलट, लेखी लीव्ह अँड लायसन्स असेल आणि मुदत संपूनही घर सोडले नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि दुप्पट शुल्काने भरपाई मागता येते. या संरक्षणाचा खर्च किती? करारातल्या एकूण भाड्यावर आणि अनामत रकमेच्या १० टक्के वार्षिक व्याजावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, शिवाय शहरात हजार रुपये नोंदणी शुल्क. आपल्या घराला ११ महिन्यांसाठी मुद्रांक सातशे रुपयांच्या आसपास बसतो. इतक्या स्वस्त विम्यात काटकसर करण्यात अर्थ नाही.

परदेशी राहणाऱ्या मराठी मालकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण पुणे-ठाणे-नाशिकमधली अशी कित्येक घरे त्यांची आहेत. मालक करदृष्ट्या अनिवासी असेल, तर भाडे कितीही कमी असो, भाडेकरूने उगमस्थानी कर कापून भरायचा असतो आणि त्याचा दर उपकरासह साधारण ३१.२ टक्के पडतो. निवासी मालकाच्या बाबतीत व्यक्ती भाडेकरूवर ही जबाबदारी महिन्याला ५० हजारांपेक्षा जास्त भाडे असेल तरच येते आणि दर २ टक्के आहे. ही कापाकापी नको म्हणून भाडे गावाकडच्या भावाच्या खात्यात घेण्याची पद्धत पुढे मालकाला, भाडेकरूला आणि त्या भावालाही अडचणीत आणते. कमी दराने कपातीचे प्रमाणपत्र आयकर खात्याकडे मागता येते आणि विवरणपत्र भरून जादा कापलेला कर परतही मिळतो.

एवढे सगळे वाचून कोणी म्हणेल की, मग भाड्यासाठी घर घेऊच नये का? काहींनी जरूर घ्यावे. ज्याच्यावर कर्ज नाही किंवा अगदी थोडे आहे, ज्याची इतर बचत घराबाहेर पुरेशी पसरलेली आहे, निवृत्तीनंतर महागाईबरोबर थोडीफार वाढत जाणारी रक्कम ज्याला हवी आहे आणि दहा-पंधरा वर्षे ज्याला घर विकावे लागणार नाही, त्याला भाड्याचे घर चांगली साथ देते. ज्याचा सगळा पगार दोन हप्त्यांत अडकणार आहे, त्याने या वाटेला जाऊ नये. शेजाऱ्याने घेतले, मित्राने घेतले, म्हणून तर मुळीच नाही. जे घेतील त्यांनी पहिल्याच महिन्यात त्या घराच्या नावाने बँकेत वेगळे खाते उघडावे. भाडे आणि अनामत तिथेच यावी, घराचे सगळे खर्च तिथूनच जावेत. भाडेकरूची अनामत त्याची आहे, ती खर्चाला काढू नये. भाड्याचा निदान तिसरा हिस्सा दरमहा त्या खात्यातून हलवू नये. कर्ज असेल तर सहा महिन्यांच्या हप्त्यांइतकी रक्कम आधी साठवावी आणि मगच खरेदीखतावर सही करावी. एक वर्ष हे खाते असे चालवले की आपल्या घराचा खरा टक्का आपल्याला कळेल. पुढचे घर घ्यायचे की नाही, हे त्यानंतरच ठरवावे.